नवरी उचलायची कुणी

हिंदुरावदादाच्या कमरेभोवती टेप टाकली आणि माझ्या बोटांना काहीतरी टणक लागलं.

दादा माझा थोरला भाऊ, एसटीत ड्रायव्हर. भाचीच्या लग्नासाठी त्याला नवी सफारी शिवायची होती आणि दुकानात पाऊल टाकल्यापासून तो एकच धोशा लावून बसला होता, की कंबर मापापेक्षा तीन बोटं सैल ठेव. तसं सैल ठेव म्हणणारी गिऱ्हाइकं मला नवीन नाहीत. लग्नसराईत जिलेबीचा अंदाज घेऊनच लोक पँट शिवायला टाकतात. पण दादाचं पोट पहिल्यापासून खपाटीला गेलेलं. मी त्याच्या शर्टाचं टोक वर केलं. आत वीतभर रुंदीचा पट्टा होता, आणि त्याला पाठीच्या बाजूनं पोलादी पट्ट्या लावलेल्या होत्या.

"हे काय दादा?"

"काय न्हाई रं. जरा हवा धरतीया, म्हणून बांधलाय."

मी म्हणालो, ड्रायव्हर लोक हवा टायरात भरतात, कमरेत नाही. मग तो खुर्चीवर बसला. म्हणजे बसायला लागला. एक हात काउंटरवर, एक माझ्या खांद्यावर, डोळे मिटलेले, आणि बसून होईस्तोवर माझं एक काज शिवून झालं असतं. कऱ्हाड-चिपळूण गाडीवर त्याची हयात गेली होती. कुंभार्ली घाटाचं प्रत्येक वळण आणि एसटीच्या सीटची प्रत्येक स्प्रिंग त्याच्या पाठीत उतरली होती. डॉक्टर म्हणाला होता, मणक्यात गॅप पडलाय, जड काही उचलायचं नाही. हे त्यानं डेपोत सांगितलं नव्हतं, वहिनीला सांगितलं नव्हतं, आणि आता मला सांगत होता ते फक्त टेपमुळं.

"म्हणून म्हणतो संपत, संजीवनीला तू उचल," तो म्हणाला. "तू धाकटा. धाकट्या मामाचा मान असतो त्यो."

असा काही मान असतो हे मी जन्मात प्रथमच ऐकलं.

आमच्याकडं नवरीला खोलीतून बोहल्यापर्यंत मामानं उचलून न्यायचं असतं. तिचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. हल्ली बहुतेक ठिकाणी हे नावालाच उरलंय. मामा नवरीचा दंड धरतो, नवरी मुकाट्यानं चालते आणि फोटोग्राफर वेळ मारून नेतो. पण आमची हौसाक्का नावाला काही करणारी बाई नव्हती. आम्हा तिघा भावांची ती थोरली बहीण. कऱ्हाडच्या स्टँडमागं तिची खानावळ, आणि तिनं भाकरी संपली म्हणून सांगितलं तर आमदारसुद्धा उठून जायचा. तिनं साखरपुड्यातच भरल्या पंगतीत पाहुण्यांना सांगून टाकलं होतं, की आमच्यात मामा नवरीला उचलून आणतो, आणि आमच्या संजीवनीला मामा तीन आहेत. पाहुण्यांनी माना डोलावल्या होत्या. आम्हीही तिघांनी डोलावल्या होत्या. माझी तर दुखतच होती.

हो, माझी मान. मशिनवर वाकून वाकून तिची अशी गत झाली होती, की ती खाली जायचीच थांबली. डॉक्टरनं गळ्यात घालायला पांढरा जाड पट्टा दिला. पण ज्या शिंप्याला खाली बघता येत नाही त्याच्याकडं कापड कोण टाकणार? म्हणून मी स्वतःसाठी उंच उभ्या कॉलरचे शर्ट शिवले आणि पट्टा आत दडवला. लोकांना ती फॅशन वाटली. दोघांनी तसलेच शर्ट शिवून घेतले.

तेव्हा दादाला मी माझ्या मानेचं काही सांगितलं नाही. बघू म्हणालो, आणि कंबर चार बोटं सैल धरली.

संध्याकाळी मधला भाऊ आला. जालिंदर, पण घरात आणि गावात त्याला गुरुजीच म्हणतात, कारण तो जेवायला वाढा हेसुद्धा धडा समजावून दिल्यासारखं सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. दुकानातली गिऱ्हाइकं पांगेपर्यंत तो शांत बसून राहिला, मग घसा साफ करून म्हणाला की परंपरेचा साकल्यानं विचार केला असता हा अधिकार ज्येष्ठाचाच ठरतो. संजीवनीला हिंदुरावदादानंच उचलावं, आपण धाकट्यांनी त्यात पडू नये.

मी म्हणालो, बरं. हात वर करा, काखेचं माप घेतो. गुरुजींनी डावा हात वर केला. मी म्हणालो, उजवा. ते म्हणाले, दोन्ही सारखेच असतात.

आता शिंप्याला कुणी असलं काही सांगू नये. दोन्ही हात सारखे असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी जुना कोट घालून बघू म्हणून बाही पुढं धरली. उजवा हात छातीपर्यंत आला आणि थांबला. गुरुजींच्या कपाळाला घाम आला. जन्मभर फळ्यावर हात वर धरून लिहिलेलं, आणि आता खांदा असा आखडला होता की वर्गात 'अ' काढायचा तर ते एका मुलाला पुढं बोलवत आणि हा मुलांना सराव असल्याचं सांगत. हे त्यांनी मला मोठ्या विश्वासानं सांगितलं, आणि दादाला कळू देऊ नकोस म्हणाले. दादानं गुरुजींना कळू देऊ नकोस असं सांगितलेलंच होतं.

मग मी शहाणपणा करायचं ठरवलं आणि गेलो खानावळीत. आक्का चुलीपुढं होती. परातीत पीठ, तव्यावर एक भाकरी, एक विस्तवाला टेकवलेली. मी पाटावर बसलो, इकडचं तिकडचं बोललो, आणि मग हळूच म्हणालो की आजकाल मुली चालतच जातात म्हणे, सातारला तर चांगल्या चांगल्या घरांतनं. संजीवनी आत कांदा चिरत होती. तिनं तिथूनच री ओढली, की चालत गेले तर लवकर पोचेन, मामांनी उचललं तर मुहूर्त टळेल. पोरगी खानावळीत वाढलेली, अंगानं चांगली भरलेली, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. वजनावरनं कुणी बोलायच्या आत ती स्वतःच बोलून मोकळी व्हायची.

आक्का हसली नाही. हातातली भाकरी तिनं तव्यावर टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तीन मामा असताना माझी लेक चालत गेली, तर ती जन्मभर काय समजंल?"

"काय समजंल?"

तिनं भाकरीवर पाणी फिरवलं, उलटली, फुगू दिली. मग एवढंच म्हणाली, की कुणी उचलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण जो उचलेल त्यानं हसत उचलायचं. तोंड वाकडं केलेलं मला चालायचं नाही. मी दोन भाकरी खाऊन परत आलो. एका खुळचट रिवाजापायी बहीण एवढी का हट्टाला पेटलीय हे मला काही केल्या कळेना. पण तिचा चेहरा मी पाहिला होता, आणि लग्नात नवरी चालत गेली तर आक्काच्या जिवाला ते लागेल एवढं मला कळलं. हे उरलेल्या दोघांना सांगितल्यावर ते जास्तच घाबरले.

लग्नाच्या दिवशी आम्ही तिघंही सकाळपासून एकमेकांना चुकवत होतो. मंगल कार्यालयात स्वयंपाकघराला लागून एक कोठीची खोली होती. तांदळाची पोती, कांद्याच्या गोण्या, नारळ. मुहूर्ताला बराच वेळ होता, म्हणून मी कॉलरचा हूक नीट करायला तिथं शिरलो. पोत्यामागं गुरुजी होते. सदरा एका खांद्यावरून उतरवलेला, डाव्या हातानं उजव्या खांद्याला बाम चोळत होते. मला बघून त्यांनी डबी मुठीत लपवली. तेवढ्यात दार लोटून हिंदुरावदादा आत आला. त्याच्याही हातात डबी होती, गुरुजींच्या डबीपेक्षा मोठी. खोलीत असा वास सुटला की आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

"तर हे असं आहे," गुरुजी म्हणाले.

आणि मग, मुहूर्त जवळ येत असताना, मामा कोण होणार हे ठरवायचं सोडून आम्ही जास्त कुणाचं दुखतंय यावर भांडू लागलो. दादा म्हणाला, तुमची दुखणी सावलीतली. घाटात भरलेली गाडी खाली आणताना क्लच दाबून बघा, म्हणजे मणका कुठं असतो ते कळेल. गुरुजी म्हणाले, ड्रायव्हर निदान बसलेला असतो. मास्तर उभा असतो, हात वर असतो, आणि एवढं सगळं करून ज्यांच्यासाठी करायचं ती पोरं खिडकीबाहेर बघत असतात. मी म्हणालो, तुम्ही दोघं निदान सुट्टीला घरी जाता. दिवाळी आली की शिंपी मशिनवरनं उठत नाही, आणि त्याला दुखतंय म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणतं, दुखू दे, पण परकराला नाडी घातलीस का? मी जेन्ट्स टेलर आहे, परकर शिवत नाही, पण भांडणात तसलं चालतं.

ड्रायव्हर बसलेला असतो हे दादाला लागलं. तो म्हणाला, मी अजून मेलेलो नाही, आणि तांदळाच्या पोत्याकडं वळला. संजीवनीच्या वजनाचंच आहे म्हणाला. गुरुजींनी शास्त्रोक्त पद्धत सांगायला सुरुवात केली, की आधी गुडघे वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत दादानं पोत्याला मिठी मारली. पोतं वीतभर उचललं गेलं. मग दादाच्या तोंडून एक बारीक आवाज आला, पोतं खाली बसलं, आणि दादा होता तसा वाकलेलाच राहिला.

मी त्याला धरायला धावलो. मान वाकत नसल्यानं मला तो नीट दिसेना, आणि कमरेत वाकताना कॉलरचा हूक तुटला. आतला पांढरा पट्टा सगळ्या जगाला दिसेल असा उघडा पडला. गुरुजी मदतीला आले ते एकाच हातानं. अशा अवस्थेत दार उघडलं आणि आक्का आत आली. नव्या शालूत, हातात आरतीचं ताट. ती नारळ न्यायला आली होती.

तिनं आमच्याकडं एकेकाकडं बघितलं. वाकलेल्या दादाकडं, गुरुजींच्या उघड्या खांद्याकडं, माझ्या गळ्याकडं. मी मनात म्हटलं, आता हे ताट कुणाच्या डोक्यात बसतंय बघायचं.

आक्कानं ताट पोत्यावर ठेवलं. दादाच्या जवळ गेली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "हिंदू, कंबर खरंच धरलीया?"

"आईशप्पथ, आक्का."

"सरळ हुता येत न्हाई?"

"जीव जातोय."

तिनं त्याच्या सफारीवरून हात फिरवला. पट्ट्यातल्या पोलादी पट्ट्या बोटांनी चाचपल्या. मग विचारलं, की आजवर बोलला का नाहीस. दादा जमिनीकडं बघत म्हणाला, की बोलून काय उपयोग. ड्रायव्हर तर बसलेला असतो, त्याला काय दुखायचंय, असंच लोक म्हणणार. सोंग वाटणार.

त्यावर आक्का कांद्याच्या गोणीवर मटकन बसली. शालूची फिकीर न करता. बाहेर बँडवाले वाद्यं जुळवत होते.

"माझ्या लग्नात येसूमामा दारात हुबा राहिला," ती म्हणाली. "मी नटूनथटून बसलेली. भवती समद्या पोरी. आणि मामा म्हणाला, हौसा, कंबर धरलीया, तू चालत ये."

येसूमामा म्हणजे आमच्या आईचा भाऊ. आक्का त्याच्याशी बोलत नाही हे आम्हाला माहीत होतं. पण नात्यागोत्यात कोण कुणाशी का बोलत नाही हे विचारत बसलं तर जेवायला वेळ मिळायचा नाही, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. तिच्या लग्नात दादा शाळेत होता आणि मी तर कडेवर. या लग्नाची पत्रिका मीच मामाला टपालानं धाडली होती. तो आला नव्हता.

आक्का सांगत होती. येसूमामा गुळाच्या अडतीत हमाल. दोन खांद्यांवर दोन ढेपा घेऊन पळत जिना चढणारा माणूस. त्याची ताकद बघायला लोक उभे राहायचे. त्या मामानं सांगितलं, कंबर धरलीया. पोरी फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, ढेप उचलंल पण हौसाला उचलवंना. आक्का तेव्हाही अंगानं भरलेलीच होती. ती खाली मान घालून बोहल्यापर्यंत चालत गेली, आणि ते अंतर तिला अजून संपल्यासारखं वाटत नव्हतं. त्यावर कडी म्हणजे मामा पंगतीला बसला नाही. न जेवताच निघून गेला.

"मला वाटलं, मी त्याला नको हुते," ती म्हणाली. "तवापास्नं बोलले न्हाई. आई मरताना म्हणाली, त्याच्याशी बोल, तरी बोलले न्हाई. एकदा खानावळीत आला हुता. जेवून गेला. मी चुलीपास्नं उठले न्हाई." मग ती दादाकडं बघायला लागली. "खरंच धरली आसंल का रं त्याची?"

बामाचा वास असा होता की डोळ्यांतलं पाणी त्याच्यावर ढकलता येत होतं, आणि गुरुजींनी तसं ढकललंसुद्धा.

आक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि उठली. म्हणाली, संजीवनी चालत जाईल. पाहुण्यांना काय सांगायचं ते मी सांगते. तुम्ही तिघं गुमान मागं उभे राहा.

"ती चालत जायची न्हाई," वाकलेल्या दादानं जमिनीला सांगितलं.

गुरुजींनी इकडंतिकडं बघितलं. कोपऱ्यात हात असलेली एक लाकडी खुर्ची होती, आचाऱ्याची. तिच्यावर बसून तो सगळ्यांना शिव्या देत असे. मी आमचे तिघांचे फेटे सोडले, पीळ देऊन खुर्चीखालून घेतले आणि गळ्यात अडकवायला त्यांचे पट्टे बनवले. शिंप्याला निदान गाठ कुठं सुटत नाही एवढं कळतं. दादा आधीच वाकलेला होता, त्यामुळं खुर्ची मागून धरायला त्याला वेगळं वाकावं लागणार नव्हतं. गुरुजींचा उजवा हात वर जात नसे, पण खाली लोंबकळत धरायला तो उत्तम होता. मला खाली बघता येत नव्हतं, म्हणून मी पुढं, समोर बघत. तिघांचा मिळून एक धड मामा तयार झाला.

नवरीच्या खोलीत शिरलो तेव्हा संजीवनीनं आमच्याकडं बघितलं, मुंडावळ्या बाजूला केल्या आणि म्हणाली, "पाडा, पण बोहल्यावर पाडा. मधी नको." मग खुर्चीत बसली. आम्ही उचलली. दादानं मागं एक शिवी हासडली, ती नेमकी बँडच्या ठेक्यात बुडाली हे आमचं नशीब.

त्या कार्यालयाचा मांडव एवढा लांब कुणी बांधला होता देव जाणे. लोक उठून उभे राहिले. फेट्यांनी मान मागं ओढली जात होती, त्यामुळं मी मुख्यमंत्र्यासारखा छाती काढून वर बघत चाललो होतो. गुरुजी एका अंगाला कलले होते आणि ते अंग पाहुण्या बायकांच्या बाजूला असल्यानं दर पावलाला क्षमस्व, क्षमस्व म्हणत होते. दादाचं डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलं होतं. बघणाऱ्याला वाटावं, केवढा हा नम्र माणूस. आणि तिघंही हसत होतो, कारण आक्कानं तशी अटच घातली होती. वरमायीनं गुरुजींना विचारलं, ही काय नवीन पद्धत? गुरुजी धापा टाकत म्हणाले, नवीन नव्हे, प्राचीन आहे, मध्यंतरी लुप्त झाली होती. त्या लग्नसराईत कार्यालयवाल्याकडं आणखी कुणीतरी मामाची खुर्ची मिळेल का म्हणून चौकशी केली, असं मला पुढं कळलं.

पाय न लागता संजीवनी बोहल्यावर उतरली. आक्कानं अक्षता टाकल्या, त्या निम्म्या माझ्या अंगावर पडल्या. तिचं लक्षच नव्हतं. ती दादाच्या कमरेकडं बघत होती.

लेक सासरी गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे आक्काचा निरोप आला, की तिघंही या, उंब्रजला जायचंय. खानावळीला कुलूप होतं. सणासुदीलाही जिनं चूल विझवली नाही, तिनं दारावर खडूनं बंद असं लिहिलं होतं. येसूमामा उंब्रजला राहतो हे आम्हाला माहीत होतं, त्यामुळं का जायचं हे कुणी विचारलं नाही.

एसटीनं गेलो. रात्रभर शेकून जरा सरळ झालेला दादा प्रवासी म्हणून पुढच्या सीटवर बसला आणि ड्रायव्हरनं गिअर बदलला की स्वतःचा पाय दाबायचा, मग कळवळायचा. आक्का खिडकीशी होती. ओठ हलत होते. मामाला काय काय सुनवायचं त्याची ती तयारी करत असावी असं मला वाटलं, कारण मधेच तिच्या भुवया चढत होत्या.

मामाचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. मामीनं दार उघडलं, आक्काला बघितलं आणि काही न बोलता बाजूला झाली. मामा आत घोंगड्यावर भिंतीकडं तोंड करून निजलेला होता. म्हातारा चिपाडासारखा वाळलेला, पण खांदे अजून तेवढेच रुंद. शिंप्याची नजर आधी खांद्यावरच जाते. त्यानं मान वळवली.

"हौसा का?"

आक्का उंबऱ्यातच उभी होती. एवढी तयारी करून आलेली बाई, पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"मामा, माझ्या लग्नात तुझी कंबर खरंच धरली हुती?"

"धरली हुती म्हंजी?" मामा म्हणाला. "तवाच सांगितलं की तुला. दारात हुबा राहून सांगितलं."

"मला खोटं वाटलं."

"समद्यांस्नीच वाटलं. हमालाची कंबर दुखती ह्यावर कोण इस्वास ठेवतंय? अडतदारानं बी न्हाई ठेवला. दुसऱ्या दिशी ढेपा उचलाय बोलावलं."

आक्का आत आली. त्याच्याजवळ बसली नाही, उभीच राहिली. आवाज चढवून म्हणाली, "मग जेवला का न्हाईस? माझ्या लग्नाचं जेवण टाकून गेलास ते?"

"बसू कसा? पंगत भुईवर. बसलो असतो तर उठवाय चौघं लागलं असतं. नवरीच्या मामाला चौघांनी उचलला म्हणून लोक तुला हसलं असतं. आदीच पोरी हसत हुत्या."

"आणि खानावळीत आलास तवा? तवा का न्हाई सांगितलंस?"

मामाला या प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. तो म्हणाला, "एकदा सांगितलेलं. तेच परत काय सांगायचं?"

आक्कानं डोळे पुसले नाहीत. नाक तेवढं ओढलं, पदर खोचला आणि मामीकडं तेल मागितलं. मामीनं वाटीत कोमट करून आणून दिलं. आक्का घोंगड्यावर बसली, मामाला म्हणाली, पालथा हो. त्याला एकट्याला होता येईना, म्हणून आम्ही तिघं पुढं झालो. तीन भाचे, एक मामा, आणि धड कुणीच नाही. पालथं करायला बराच वेळ लागला. दादानं या वेळी गुरुजींची पद्धत आधी ऐकून घेतली.

आक्कानं तळव्यावर तेल घेतलं आणि मामाच्या पाठीवर हात टेकवला. भाकऱ्या थापून राठ झालेला तिचा हात, तो मणक्यावरून हळूहळू खाली निघाला.

"हितं?"

"अजून खाली."

"हितं?"

"जरा उजवीकडं."

तिनं हात सरकवला. मामानं घोंगड्यात तोंड खुपसलं आणि श्वास सोडला.

"हां," तो म्हणाला. "हितंच धरली हुती."